वादळाच्या मापाचा स्नो ब्लोअर

कोजागिरी झाली की इकडच्या मराठी मंडळींत दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे फराळाची ऑर्डर यंदा कुणाकडे द्यायची, आणि दुसरा, स्नो ब्लोअर कोणता घ्यायचा. पहिल्या विषयावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. दुसऱ्यावर मात्र आश्चर्य वाटावं इतकं एकमत असतं. "घ्यायचा तर मोठाच घ्या. एकदाच काय ते पैसे जातील, पण वादळ आलं की दुवा द्याल!" मी गेली सात वर्षं दर हिवाळ्यात लेकीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळ असते. सातही वर्षं हे वाक्य मी ऐकलं आहे. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज एकदा सविस्तर लिहावं म्हणते.

आधी भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे घर रस्त्यापासून दहा-पंधरा मीटर आत असतं. रस्त्यापासून गराजपर्यंत जी फरसबंद वाट असते तिला ड्राइव्हवे म्हणतात. रॉचेस्टर लेक ऑन्टॅरिओच्या काठी वसलेलं आहे. तळ्याच्या उबदार पाण्यावरून थंड वारा आला की तो ओल उचलतो आणि काठावर बर्फ म्हणून टाकतो. मी शाळेत भूगोल शिकवताना हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो इथे आल्यावर. वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो. तो बाजूला केल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही, आणि गाडीशिवाय इथे माणूस निघत नाही. शिवाय पुष्कळ गावांत घरासमोरचा पदपथ साफ ठेवणं घरमालकावर बंधनकारक असतं. मिनीॲपोलिससारख्या शहरात बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत तो साफ झालाच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे "पडू दे, वितळेल आपोआप" हा आपला आवडता उपाय इथे चालत नाही.

आता कुणी म्हणेल, "बाई, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, तीस वर्षं शाळेत व्याकरण आणि भूगोल शिकवलेला. यंत्रांतलं तुम्हाला काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. पण स्नो ब्लोअर निवडणं हा यंत्राचा प्रश्न आहे हेच मला मान्य नाही. तो घरातल्या माणसांचा प्रश्न आहे, आणि घरातली माणसं मला कळतात.

मोठ्या ब्लोअरवाल्यांकडे वळण्याआधी दुसऱ्या एका पंथाचा समाचार घेते. हा पंथ म्हणतो, "ब्लोअर कशाला हवा? फावडं घ्या, व्यायाम होईल! जिमचे पैसे वाचतील." यात आपली मराठी काटकसर आणि मराठी अभिमान दोन्ही बरोबरीने बोलत असतात. चला, जरा हिशेब मांडू.

दोन गाड्यांचा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब धरा. क्षेत्रफळ नव्वद चौरस मीटर. त्यावर आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो झाला अठरा घनमीटर. ताजा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो. म्हणजे एकूण अठराशे किलो. तोच बर्फ ओला असेल तर घनमीटरला तीनशे किलो सहज होतो, आणि एकूण वजन जातं पाच हजार चारशे किलोवर. एका फावड्यात साडेचार किलो उचलले तर पहिल्या बाबतीत चारशे वेळा, दुसऱ्या बाबतीत बाराशे वेळा वाकायचं, उचलायचं आणि बाजूला फेकायचं. तेही पहाटे सहाला, उणे दहा अंशांत, चहासुद्धा न घेता, वर्षभर खुर्चीत बसून काम केलेल्या शरीराने! आपल्याकडे एवढं ओझं हमालाला उचलायला सांगितलं तर तो आधी भाव विचारील, मग बरोबर आणखी दोघांना घेऊन येईल.

१९९५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी दहा निरोगी तरुण पुरुषांना ओला, जड बर्फ फावड्याने उचलायला लावला आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. दोनच मिनिटांत ठोके अशा पातळीला गेले की जी व्यायामाची वरची मर्यादा मानली जाते. पुढे ते मिनिटाला सरासरी पावणेदोनशेपर्यंत पोचले. त्याच माणसांनी यंत्राने बर्फ काढला तेव्हा सरासरी सव्वाशेच्या जवळपास राहिली. २०१७ साली कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातला एक मोठा अभ्यास आला. वीस सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सोळा टक्क्यांनी आणि मृत्यूची चौतीस टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. बायकांमध्ये असा संबंध दिसला नाही. बहुधा फावडं पुरुषांच्या हातात असतं म्हणून, असा अभ्यासकांचा कयास. आणि आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो, हे तर आता घरोघरी माहीत झालं आहे. तेव्हा पन्नाशीच्या गृहस्थांनो, व्यायाम करायचा असेल तर जरूर करा. सूर्यनमस्कार घाला, मॉलमध्ये चालायला जा. पायरीवरचा दोन इंच भुरभुरीत बर्फ फावड्याने ढकलायलाही माझी ना नाही. पण पाच टन ओला बर्फ उचलणं याला व्यायाम म्हणू नका.

म्हणजे यंत्र हवंच. इथपर्यंत मोठ्या ब्लोअरवाले आणि मी एका बाजूला आहोत. पुढे मात्र आमच्या वाटा वेगळ्या होतात.

हे यंत्र मुळात घरासाठी जन्मलंच नव्हतं. क्यूबेकच्या आर्थर सिकार नावाच्या माणसाने १९२५ साली पहिला चालणारा स्नो ब्लोअर बनवला. कल्पना त्याला सुचली शेतातल्या मळणी यंत्रावरून. कणसं आत ओढायची, भुसा बाहेर फेकायचा, तसंच बर्फाचं. १९२७ साली त्याने आपलं यंत्र विकलं ते मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाला, कुणा गृहस्थाला नव्हे. बर्फाचे डोंगर हलवणं हे गावाचं काम आहे, हे तेव्हा सगळ्यांना स्पष्ट होतं. घरगुती, मागून चालवायची यंत्रं त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी बाजारात आली.

आज दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला 'सिंगल स्टेज', म्हणजे एकाच टप्प्याचा. याच्या तोंडाशी रबरी पात्यांचं फिरतं मळसूत्र असतं. तेच बर्फ गोळा करतं आणि तेच वरच्या नळकांड्यातून फेकतं. पाती जमिनीला घासत जातात, त्यामुळे सिमेंट किंवा डांबराची वाट अगदी स्वच्छ निघते. रुंदी अठरा ते बावीस इंच, आणि वजन बहुतेक तीस ते पंचेचाळीस किलोंच्या दरम्यान. दुसरा 'टू स्टेज', दोन टप्प्यांचा. यात लोखंडी मळसूत्र बर्फ मधे ओढतं आणि मागचा वेगाने फिरणारा पंखा तो गोफणीसारखा लांब भिरकावतो. चाकं इंजिनवर चालतात, रुंदी चोवीस ते तीस इंच. वजन? अठ्ठावीस इंची घेतला तर शंभर किलोंच्या वर! किंमत दीड-दोन हजार डॉलरच्या घरात. अलीकडे तीन टप्प्यांचेही मिळतात. मोठ्या पंथाचे लोक त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात, देवळात आणतो तसा.

तर सांगायचा मुद्दा असा, की हा शंभर किलोंचा प्राणी सरळ रेषेत चालतो तोवर गुणी असतो. पण ड्राइव्हवेच्या टोकाला त्याला वळवायचं असतं. काही यंत्रांना वळण्यासाठी वेगळी कळ असते, ती असली तर सोपं जातं. नसली तर अंगाच्या जोराने त्याला फिरवायचं, तेही पायाखाली निसरडं असताना.

आमच्याकडेही असा एक अठ्ठावीस इंची होता. जावयांनी हौसेने घेतला होता. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ते कामासाठी कॅलिफोर्नियाला गेले होते आणि रात्रीतून नऊ इंच बर्फ पडला. सकाळी पाहतो तो रस्ता साफ करणाऱ्या नगरपालिकेच्या गाडीने आमच्या दाराशी बर्फाचा बांध घालून ठेवलेला. हा बांध इथल्या प्रत्येक घराचा शत्रू आहे. रस्त्यावरचा दाबला गेलेला, मीठ-पाण्याने जड झालेला बर्फ असतो तो, आणि तासा-दोन तासांत दगडासारखा होतो. लेकीची उंची पाच फूट एक इंच. तिने यंत्र सुरू केलं, निम्म्या वाटेपर्यंत नेलं, आणि वळवताना ते जे हिरवळीत रुतलं ते काही केल्या हलेना. नातवाची शाळा, तिची आठची मीटिंग, आणि गाडी गराजमध्ये. त्याच वेळी समोरच्या घरातल्या अमेरिकन आजी, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, आपला छोटा विजेवरचा ब्लोअर घेऊन शांतपणे पदपथ साफ करत होत्या. त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा बर्फ काढला होता. सकाळी उरलं होतं ते तीन इंच आणि बांध. बांधही त्या एका दमात घेत नव्हत्या. केकचे तुकडे करावेत तसा कडेकडेने, थोडा थोडा घेत होत्या. आपलं झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या.

मोठं यंत्र वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण ते ज्याच्या मापाने घेतलं होतं तो माणूस त्या सकाळी घरी नव्हता. आणि हिवाळ्यात माणूस घरी नसणं, त्याची पाठ धरणं, त्याला ताप येणं, या गोष्टी वादळापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतात.

"पण वादळ आलं तर?" हा मोठ्या पंथाचा हुकमी पत्ता. मग वादळाचंच बोलू. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथून पश्चिमेला, बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात चार-पाच दिवसांत ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला. ऐंशी इंच म्हणजे दोन मीटर. मोठ्या घरगुती ब्लोअरचं तोंड किती उंच असतं? वीस-एकवीस इंच. म्हणजे त्या बर्फापुढे अठ्ठावीस इंची आणि एकवीस इंची दोघेही सारखेच बापुडवाणे. तिथे शेवटी मोठमोठे लोडर आणि ट्रक लावून रस्ते मोकळे करावे लागले. आणि रस्त्यावर गाडी काढायलाच बंदी होती, तेव्हा ड्राइव्हवे आरशासारखा लख्ख करून जाणार कुठे होतात? त्याच वादळात तिथल्या काउंटीने दोन मृत्यू जाहीर केले. बर्फ काढण्याच्या श्रमाने, फावड्याने किंवा यंत्राने, हृदयावर ताण येऊन गेलेली ती माणसं होती. यंत्र हातात असलं की माणूस अमर होत नाही. जड यंत्र रेटताना छाती भरून येते ती येतेच.

आपल्याकडे २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कुणी ९४४ मिलिमीटरच्या मापाची छत्री शोधत दुकानं पालथी घातली नाहीत. लोकांनी मिठी नदीबद्दल विचारलं, नाल्यांबद्दल विचारलं, महापालिकेला धारेवर धरलं. ते बरोबर होतं. मोठ्या संकटाची तयारी मोठ्या व्यवस्थेने करायची असते. मॉन्ट्रियलमध्ये पदपथसुद्धा शहर साफ करतं. वादळाशी लढण्याची जबाबदारी प्रत्येकाने आपापल्या गराजमध्ये विकत आणून ठेवायची, हा मला शहाणपणाचा नव्हे, एकटेपणाचा मार्ग वाटतो.

आपल्या दारात वर्षभर पडतो तो बहुतेक वेळा तीन-चार इंचांचा, कधी सहा-आठ इंचांचा बर्फ. यंत्र त्या रोजच्या बर्फासाठी घ्यावं. आणि ते घरातल्या अशा माणसाच्या मापाने घ्यावं, की ज्याच्यावर ते चालवायची वेळ येऊ शकते आणि ज्याच्या अंगात ताकद सगळ्यांत कमी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचे सगळे निकष त्याच्या नंतर.

ते निकषही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतं भाषण देऊन गेल्या.

वाट खडीची आहे का? मग एका टप्प्याचं यंत्र नको. त्याची पाती जमिनीला टेकतात, खडी उचलतात आणि शेजाऱ्याच्या खिडकीवर मारतात. तिथे दोन टप्प्यांचंच घ्या, खालच्या घसरपट्ट्या थोड्या उंच करून चालवा. पण चोवीस इंची पुरतो, आणि वळवायची कळ आहे ना ते आधी पाहा. वाट फार लांब किंवा चढाची असेल तरीही तेच. गावाबाहेर शे-दीडशे फुटांची वाट असलेल्यांना मी छोटं यंत्र घ्या म्हणणार नाही. माझं भांडण आहे ते पन्नास फुटांच्या डांबरी ड्राइव्हवेवर हत्ती बांधणाऱ्यांशी.

पेट्रोल की बॅटरी? इथे पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. स्नो ब्लोअर वर्षातून पंधरा-वीस दिवस चालतो आणि आठ महिने कोपऱ्यात उभा असतो. तेवढ्यात टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, कार्बुरेटर चिकट होऊन बसतो, आणि पहिल्या बर्फाला दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. बॅटरीच्या यंत्राला दोरी नाही, वास नाही, कळ दाबली की सुरू. मात्र थंडीत लिथियम बॅटरीची धाव कमी होते. म्हणून बॅटरी घरात उबेला ठेवायची, तिथेच चार्ज करायची आणि काम असेल तेव्हाच बाहेर न्यायची. पाऊण तासात संपेल एवढं काम असेल तर बॅटरी पुरते. त्याहून जास्त असेल तर पेट्रोलचं घ्या, पण विजेच्या तारेवर सुरू होणारं. आणि हिवाळा संपला की टाकी रिकामी करण्याची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे कोजागिरीच्या गप्पांत कधीच निघत नाही. ओला बर्फ नळकांड्यात अडकतो. माणूस घाईत असतो, इंजिन बंद करतो आणि हात घालतो. पण आतल्या पट्ट्यात ताण शिल्लक असतो. अडकलेला गोळा सुटला की पंखा बंद यंत्रातही गर्रकन फिरतो. इथे दर हिवाळ्यात अशी किती तरी बोटं जातात, आणि जाणारी बोटं बहुतेकदा लिहित्या हाताची असतात. यंत्राबरोबर अडकलेला बर्फ काढायला प्लॅस्टिकचा दांडका येतो, तोच वापरायचा. इंजिन बंद, थोडं थांबायचं, मग दांडका. हात कधीच नाही. मुठीतला दांडा सोडला की मळसूत्र थांबावं अशी सोय असते. ती दोरीने बांधून ठेवणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि पेट्रोलचं यंत्र बंद गराजमध्ये कधीही सुरू करू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, माणूस मात्र जातो. हे सगळं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवं, फक्त घरधन्याला नव्हे.

आणि ज्यांच्या घरी दोघंच आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढे, त्यांनी यंत्र घेऊच नये असं मला वाटतं. हिवाळ्याचे पैसे ठरवून प्लाउ लावलेला ट्रक घेऊन येणारा माणूस इथे मिळतो. त्याला पैसे देण्यात कमीपणा नाही. दोन शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घेणं हाही चांगला मार्ग. एका गल्लीत दहा घरं, दहा गराज आणि दहा हत्ती, हे दृश्य मला अजूनही विचित्र वाटतं.

असो. बरंच लिहिलं. मोठ्या पंथाच्या मंडळींना राग येणार हे ठाऊक आहे, त्यातले दोघे-तिघे माझ्या हातच्या चकल्या नेतात. त्यांना एकच विनंती. यंदा दुकानात जाल तेव्हा एकटे जाऊ नका. बायकोला न्या, घरात वयाचा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना न्या. मांडून ठेवलेलं यंत्र तिला ढकलायला सांगा, मागे ओढायला सांगा, जागच्या जागी वळवायला सांगा. चाकं सोडायची कळ तिच्या हातात बसते का, दांडा तिच्या छातीशी येतो की कमरेशी, ते पाहा. विक्रेता सगळं वेळ तुमच्याकडेच बघून बोलत राहील. त्याला सांगा, "हिला समजावून सांगा, सकाळी मी घरी असेनच असं नाही."